शेतकऱ्याचा नकार हीदेखील नोंदच असते: मलावीतील अल्पभूधारक शेती आणि सहभागी संशोधन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मलावीच्या मध्य भागात अल्पभूधारकांसोबत चाललेल्या एका प्रकल्पावर तुम्ही कृषी पदवीधर म्हणून रुजू झालात. दोन हंगाम तुमची प्रात्यक्षिके उत्तम आली, आसपासच्या गावांतले शेतकरी ती पाहून गेले, सर्वांनी चांगले म्हटले. आणि तिसऱ्या वर्षी एकानेही ते तंत्र स्वतःच्या शेतात केले नाही. आता वरिष्ठांनी ‘सहभागी संशोधन’ करायला सांगितले आहे. त्यात प्रात्यक्षिकापेक्षा वेगळे काय करायचे, आणि शेतकऱ्यांच्या आवडीनिवडीतून निघालेल्या निष्कर्षांना शास्त्रीय आधार कसा मिळतो, हे तुम्हाला हवे आहे.

मी आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत शेतावरच्या चाचण्यांचे काम बरीच वर्षे केले, त्यांतली अधिक वर्षे मलावीतच गेली. माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य फरक एकच आहे. प्रात्यक्षिकात उत्तर आधी ठरलेले असते आणि शेतकऱ्याने ते मान्य करावे एवढीच अपेक्षा असते. सहभागी संशोधनात उत्तर ठरलेले नसते. शेतकऱ्याने ‘नको’ म्हटले तर तो नकार वजनमापाइतक्याच काळजीने नोंदवायचा असतो, त्यामागचे कारण शोधायचे असते आणि पुढच्या हंगामाची आखणी त्या कारणाभोवती करायची असते. तुमच्याकडे आलेल्या शेतकऱ्यांनी दोन वर्षे चांगले म्हटले, याचे कारण त्यांना नकार देण्याची जागाच कोणी ठेवली नव्हती. पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या पिकाला नावे ठेवणे मलावीच्या खेड्यात असभ्यपणाचे मानले जाते, आणि आपल्याकडेही ते वेगळे नाही.

नकाराचे मोल समजण्यासाठी मलावीच्याच मक्याची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९० पूर्वी तेथे उपलब्ध असलेले बहुतेक संकरित मके मऊ दाण्याचे, म्हणजे टोकाला खळगा पडणारे होते. त्यांचे उत्पादन गावरान मक्यापेक्षा जास्त होते, तरीही लहान शेतकरी आपल्या कठीण दाण्याच्या गावरान मक्याला चिकटून राहिले. शेतकरी परंपरा सोडत नाही, असा अर्थ सहज काढता आला असता, आणि तो बराच काळ काढलाही गेला. खरे कारण उखळात होते. तेथील रोजचे अन्न असलेल्या ‘न्सिमा’साठी बायका मका उखळात कांडून कोंडा काढतात आणि मग पांढरे, बारीक पीठ करतात. कठीण दाण्याचा कोंडा सुटतो आणि दाणा शाबूत राहतो. मऊ दाणा कांडताना फुटतो आणि त्यातला बराच भाग कोंड्याबरोबर जातो. शिवाय मऊ दाण्याला कणगीत सोंडे लवकर लागतात. म्हणजे शेतात दिसणारे जादा उत्पादन घरातल्या पिठापर्यंत पोहोचेपर्यंत बरेचसे संपत होते, आणि हा हिशेब कांडणारी बाई रोज करत होती. मलावीच्या पैदासकारांनी हे कारण गांभीर्याने घेतले आणि १९९० मध्ये एमएच १७ व एमएच १८ हे बऱ्यापैकी कठीण दाण्याचे संकरित वाण प्रसारित केले. त्यानंतर संकरित मक्याखालचे क्षेत्र झपाट्याने वाढले. जे वाण नाकारले गेले होते ते नाकारण्याची कारणे कोणीतरी ऐकली, म्हणून हे घडले.

माझ्या स्वतःच्या पहिल्या हंगामात मी तेवढे ऐकले नव्हते. आम्ही आपल्या खाजकुइलीची न खाजणारी लागवडीची जात, म्हणजे मुकुना, जमीन सुधारण्यासाठी नेली होती. हिरव्या पाल्याचा तिच्याइतका भार आमच्या कोणत्याही शेंगवर्गीय पिकाने दिला नाही, आणि तो पाला गाडलेल्या जमिनीवरचा पुढचा मका दुरूनही ओळखू येत होता. हंगामाच्या शेवटी गावातल्या बायकांना प्रत्येक पिकापुढे पसंतीनुसार दाणे ठेवायला सांगितले, तेव्हा मुकुनापुढे जेमतेम दोन-चार दाणे पडले. एका वयस्क अमाईंनी (गावात वडीलधाऱ्या बाईला असेच म्हणतात) सांगितलेले कारण मी शब्दशः उतरवून घेतले होते: हे बी पोटात घालायचे तर तासन् तास उकळायचे, पाणी पुन्हा पुन्हा फेकायचे, त्याला लागणारे सरपण मी कुठून आणू? दक्षिण मलावीत काही लोक हे बी त्या पद्धतीने शिजवून खातातही. पण ज्या घरात डिसेंबर ते मार्च धान्य पुरत नाही, तेथे जमिनीचा तुकडा वर्षभर अशा पिकाला देणे म्हणजे मुलांच्या तोंडचा घास मातीला देणे होते. शरपुंख्याच्या कुळातल्या टेफ्रोसियाचेही तसेच झाले, कारण ती तर विषारीच आहे. आमच्या आकडेवारीत मात्र ही दोन्ही झाडे पहिल्या क्रमांकावर होती.

आता पद्धतीकडे वळतो, कारण शास्त्रीय आधाराचा तुमचा प्रश्न रास्त आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इक्रिसॅटच्या, म्हणजे कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या, मलावीतील कामात संशोधक सिग्लिंडे स्नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मदर-बेबी’ चाचणीची रचना विकसित केली; आपण तिला आई-बाळ चाचणी म्हणू. गावाच्या मध्यवर्ती जागी, सर्वांना जाता-येता दिसेल अशा ठिकाणी, आईचाचणी लावायची. तिच्यात सगळे पर्याय असतात, पुनरावृत्ती असतात, म्हणजे तोच पर्याय अनेक वाफ्यांत लावलेला असतो, देखरेख संशोधकाची असते आणि आपल्या विद्यापीठांत शिकवतात ती सगळी शिस्त पाळलेली असते. तिच्याभोवतीच्या शेतकऱ्यांनी त्यांतले तीन किंवा चार पर्याय स्वतः निवडायचे आणि आपल्या शेतात, आपल्या पद्धतीने, आपल्या वेळेला लावायचे; शेजारी त्यांची नेहमीची पद्धत तुलनेसाठी ठेवायची. या बाळचाचण्या. एका शेतकऱ्याच्या शेतात पुनरावृत्ती नसते, पण प्रत्येक शेत ही एकेक पुनरावृत्ती धरली, की चाळीस-पन्नास शेतांतून जे चित्र मिळते ते एका प्रक्षेत्रावरच्या चार पुनरावृत्तींपेक्षा अधिक सांगते. तेथे जमीन बदलते, पेरणीची तारीख बदलते, खुरपणीला झालेला उशीर बदलतो, आणि हा बदलच आपल्याला समजून घ्यायचा असतो. विश्लेषण करताना शेतकरी आणि गाव हे यादृच्छिक घटक धरणारे मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) वापरावे, म्हणजे शेताशेतांतला आणि गावागावांतला फरक पर्यायांमधल्या फरकापासून वेगळा काढता येतो. प्रत्येक पर्यायाचे उत्पादन त्या शेताच्या सरासरी उत्पादनासमोर मांडले, तर कोणता पर्याय हलक्या जमिनीत टिकतो आणि कोणता फक्त चांगल्या जमिनीतच चमकतो, हे वेगळे दिसू लागते. पुढे सिमिटने, म्हणजे मका व गव्हावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांत पाण्याचा ताण सोसणारे मक्याचे वाण तपासण्यासाठी हीच रचना वापरली.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब सांख्यिकीतली नाही. शेतकऱ्याने दहापैकी कोणते तीन निवडले, ही स्वतःच एक नोंद आहे, आणि ती पीक उगवण्याआधीच मिळते. ज्या पर्यायाला एकही बाळ मिळत नाही, त्याच्याबद्दल त्याच आठवड्यात बसून बोलावे. आम्ही ती संधी पहिल्या वर्षी गमावली, कारण पर्यायांची वाटणी आम्ही कार्यालयात चिठ्ठ्या टाकून केली होती. सांख्यिकीच्या दृष्टीने ते बरोबरही ठरले असते. वाण अनेक असतील आणि फक्त वाणांचीच तुलना करायची असेल, तर दुसरी एक सोपी रीत आहे: प्रत्येकाला तीनच वाण, नावे न सांगता, चिठ्ठीने द्यायचे आणि त्यांतला सर्वांत चांगला कोणता व सर्वांत वाईट कोणता, एवढेच विचारायचे. ही ‘ट्रायकॉट’ पद्धत भारतातही गव्हासाठी वापरली गेली आहे. तंत्र बदलायचे असेल, म्हणजे पीकपद्धती, खताची मात्रा, आंतरपीक, तर मात्र मी आई-बाळ रचनाच निवडेन.

याच चाचण्यांतून तूर आणि भुईमूग ही जोडी पुढे आली, आणि मराठी वाचकाला तिच्याबद्दल फार समजावून सांगावे लागणार नाही, कारण तुरीचा बेवड, म्हणजे तुरीनंतरच्या पिकाला मिळणारा जमिनीचा कस, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ओळखला जातो. तूर पहिले दोन-तीन महिने हळू वाढते. तेवढ्या काळात भुईमूग जमीन झाकतो आणि एप्रिलमध्ये निघून जातो. मग मुळांनी खोल गेलेली तूर उरलेल्या ओलीवर वाढते आणि तिची पाने गळून जमिनीत मिसळतात. दोन्ही पिके हवेतला नत्र धरतात. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडतात आणि लोहाशी बांधला गेलेला स्फुरद मोकळा करतात, हे १९९० मध्ये पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या संशोधनाने दाखवले होते. आफ्रिकेच्या तांबड्या जमिनींसाठी हा गुण महत्त्वाचा आहे. मलावीभर अनेक वर्षे चाललेल्या सहभागी चाचण्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत असे दिसले की शेंगवर्गीय पिकांची जोड दिलेल्या जमिनीत मक्याला निम्मे खत घालूनही पूर्ण खतावरच्या निव्वळ मक्याइतके उत्पादन मिळते आणि वर्षागणिक होणारे चढउतार कमी राहतात. खताची पिशवी बंदरापासून शेकडो किलोमीटर ट्रकने येणाऱ्या, समुद्रकिनारा नसलेल्या देशात या निम्म्या खताचा अर्थ किती मोठा आहे, हे तुम्ही तेथे राहून पाहतच आहात.

तरीही हीच जोडी सगळीकडे चालली नाही, आणि का चालली नाही हे शेतकऱ्यांनीच सांगितले. मध्य आणि उत्तर भागात मका निघाला की शेळ्या मोकळ्या सोडतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलेली लांब मुदतीची तूर जुलै-ऑगस्टपर्यंत शेतात उभी असते, म्हणजे ऐन फुलोऱ्यात आणि शेंगांच्या वेळी ती शेळ्यांच्या तोंडी जाते. माझ्या एका गावातल्या सोळा बाळचाचण्यांपैकी अकरांमधली तूर अशीच संपली. आम्ही त्या ‘वाया गेलेल्या चाचण्या’ म्हणून बाजूला काढायच्या विचारात होतो. एका सहकाऱ्याने त्यांनाच निष्कर्ष मानायला लावले, आणि ते बरोबर होते. त्यानंतरची चर्चा वाणांवरून थेट गावाच्या प्रमुखाकडे गेली: शेळ्या कधी सोडायच्या, यावर गावाने नियम करायचा की लवकर येणारी मध्यम मुदतीची तूर घ्यायची? ‘म्वाइवाथू अलीमी’ या मध्यम मुदतीच्या वाणाकडे त्या गावाचे लक्ष याच चर्चेतून गेले.

दक्षिणेत अडचण उलट होती. तेथे तूर जुनीच आहे, पण शिरे पठाराच्या दाट वस्तीत बहुतेकांकडे अर्धा हेक्टरही जमीन नसते. तूर-भुईमुगासाठी एक हंगाम मका सोडा, असे त्यांना सांगणे म्हणजे एका वर्षाचे पीठ सोडा असे सांगणे होते. त्यांनी ती शिफारस स्वीकारली नाही. ते मक्यातच तूर घेत राहिले, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते. एकाच देशात दोन भागांत दोन वेगळे नकार मिळाले आणि दोन्हींची कारणे वेगळी होती, एवढे मी तुम्हाला आवर्जून सांगतो, कारण प्रकल्पाच्या अहवालात दोन्ही ‘कमी स्वीकार’ या एकाच शीर्षकाखाली जातात.

उत्तर मलावीतल्या एक्वेंडेनीच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण तेथे संशोधनाचा प्रश्नच शेताबाहेरून आला. २००० साली तेथील मिशन रुग्णालयाच्या आधाराने, संशोधक रेचल बेझनर केर आणि स्थानिक कर्मचाऱ्यांच्या पुढाकाराने, जमीन, अन्न आणि आरोग्य यांना एकत्र जोडणारे काम सुरू झाले. कुपोषित मुले रुग्णालयात येत होती, त्यांच्या घरी खत घ्यायला पैसे नव्हते, आणि जमिनी सतत मका घेऊन थकल्या होत्या. गावांनी आपल्यातून शेतकरी संशोधक निवडले. त्यांनी शेंगवर्गीय पिकांच्या जोड्या तपासल्या, शेजाऱ्यांना शिकवले आणि मोजणीतही भाग घेतला. तेथेही खाण्याजोगी पिके जमिनीला जास्त नत्र देणाऱ्या मुकुनाच्या पुढे गेली. पण पुढचा टप्पा कोणत्याही कृषी तज्ज्ञाने आपणहून आखला नसता. शेतात सोयाबीन आणि भुईमूग वाढला, तरी तो मुलांच्या ताटात किती जातो आणि विकून आलेला पैसा कोणाच्या हातात राहतो, हा प्रश्न गावातूनच पुढे आला. तेथील समाज पितृवंशीय आहे, सून सासरी येते, आणि पिकाला बाजार मिळाला की ते बायकोच्या हातून नवऱ्याच्या हातात जाते. मग गावोगाव स्वयंपाकाचे दिवस ठरले. शेंगवर्गीय पिकांच्या पाककृती सर्वांसमोर करायच्या आणि त्यांत पुरुषांनीही चुलीशी बसायचे. काही वर्षांनी मुलांच्या वजनात झालेली सुधारणा अभ्यासातून नोंदली गेली. खत आणि बियाणे यांची आकडेवारी कितीही वाचली असती, तरी या कामाची किल्ली स्वयंपाकघरात आहे, हे कळले नसते.

बायकांच्या वेळेबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण माझा आग्रह आहे की तुमच्या नोंदवहीत उत्पादनाच्या रकान्याशेजारी मजुरीच्या दिवसांचा रकाना असावा आणि तो बाई व पुरुष असा वेगळा असावा. मलावीत कामे हाताने आणि कुदळीने होतात, दरवर्षी वरंबे नव्याने ओढतात, आणि पहिल्या खुरपणीच्या वेळीच घरातले धान्य संपलेले असते. अशा घरातली माणसे ‘गान्यू’ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात आणि स्वतःची खुरपणी पंधरा-वीस दिवस उशिरा करतात. ज्या तंत्रात जानेवारीतले चार दिवसांचे काम वाढते, ते गरीब घराला परवडत नाही, मग त्याने उत्पादन दीडपट केले तरी. हलक्या जमिनीत टारफुला, म्हणजे मक्याच्या मुळांवर जगणारे स्ट्रायगा हे परजीवी तण, अशाच उशिरा खुरपलेल्या मक्यात माजतो, हेही त्याच साखळीतले आहे. बाळचाचणीसाठी फक्त ‘प्रगतशील’ शेतकरी निवडले, तर हे सारे अदृश्य राहते. विस्तार कर्मचाऱ्याने दिलेली यादी घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. गावातल्या बायकांना बसवून घरांचे तीन गट करायला सांगावे, ज्यांचे धान्य वर्षभर पुरते, ज्यांचे जानेवारीत संपते आणि ज्यांचे त्याआधीच संपते, आणि तिन्ही गटांतून चाचणीसाठी घरे घ्यावीत. मूल्यमापनालाही बायका आणि पुरुष वेगळे बसवावेत, आणि बायकांच्या बैठकीत टिपण घेणारी बाईच असावी.

बियाण्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. भुईमुगाचे हेक्टरी बियाणे फार लागते आणि एका वर्षात ते जेमतेम दहापट होते, म्हणून खासगी कंपन्यांना त्यात रस नसतो. १९९० साली प्रसारित झालेला ‘सीजी ७’ हा लाल दाण्याचा वाण लोकांना आवडला, पण बी मिळत नाही ही तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकली. त्यामुळे चाचणीच्या दुसऱ्याच वर्षी गावाची बियाणे पेढी सुरू करावी, घेतले त्याच्या दुप्पट परत करण्याच्या अटीवर. पेरणी दाट आणि वेळेवर करण्याचा आग्रह धरावा, कारण मावा पसरवत असलेला रोझेट रोग फक्त आफ्रिकेतच आहे आणि विरळ, उशिरा पेरलेल्या भुईमुगात तो सर्वाधिक फैलावतो.

तुरीच्या बाजारभावाशी तर आपला थेट संबंध आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानियाची तूर मुख्यतः भारतात येते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा त्या देशांतल्या खेड्यांपर्यंत भाव कोसळले. ज्यांनी आमच्या सांगण्यावरून तूर वाढवली होती त्यांना मला तोंड द्यावे लागले. २०२१ मध्ये भारताने मलावीशी पाच वर्षांसाठी वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. महाराष्ट्रातल्या तूर उत्पादकाला हीच आयात भाव पाडणारी वाटते आणि त्याची चिंता खरी आहे. पण तेथल्या बाईला ती तूर कशासाठी लावा म्हणून सांगताना, दिल्लीत होणाऱ्या निर्णयावर तिचा हंगाम टांगलेला असतो, हेही आपण सांगायला हवे. म्हणून मी नंतर तुरीची शिफारस नेहमी आधी ताटासाठी आणि मातीसाठी, आणि मग बाजारासाठी, या क्रमाने करू लागलो.

पुढच्या हंगामासाठी तुमच्या हातात अजून वेळ आहे. पाऊस नोव्हेंबरात येईल, म्हणून सप्टेंबरातच, वरंबे ओढायला सुरुवात होण्याआधी, गावांच्या बैठका घ्या आणि गेल्या दोन वर्षांच्या प्रात्यक्षिकातले काय कोणी घेतले नाही आणि का, एवढाच विषय ठेवा. त्या बैठकीत तुम्ही कोणतेही तंत्र सुचवू नका. पर्याय पाच-सहाच ठेवा आणि त्यांतला निदान एक गावाने सुचवलेला असू द्या. खत किंवा मजुरी फुकट देऊ नका. फक्त बियाणे द्या, नाहीतर लोक खतासाठी चाचणी घेतात आणि तुम्हाला वाटते की तंत्र आवडले. मूल्यमापन तीनदा करा: फेब्रुवारीत उभ्या पिकात, मे महिन्यात शेंगा आणि मका घरात आल्यावर, आणि सप्टेंबरात तूर निघून ती शिजवून खाल्ल्यावर. शेवटच्या मूल्यमापनाच्या वेळी प्रत्येक घरी जा आणि पुढच्या वर्षासाठी कोणते बी वेगळे राखून ठेवले आहे ते दाखवायला सांगा. जे गाडगे पुढे येईल त्यातले बी किती आहे ते मोजा, आणि जे आलेच नाही त्याचे कारण विचारून नोंदवहीत लिहा.